आरोग्याचे मुद्दल : धीर आणि सातत्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे लेखी रूप)



दुकानाची पत एका दिवाळीत उभी राहत नाही, ही गोष्ट व्यापारपेठेत लहानथोर सर्वांना ठाऊक असते. एखाद्या हंगामात गल्ला भरून वाहू शकतो. परंतु पत म्हणजे वर्षानुवर्षे दिलेले चोख माप, वेळेवर चुकती केलेली देणी आणि रोज ठरल्या वेळी उघडलेले शटर. हे व्यवहारज्ञान ज्याच्या अंगी मुरलेले असते, तोच गृहस्थ शरीराच्या बाबतीत मात्र एका महिन्यात श्रीमंत होऊ पाहतो, ही नवलाची गोष्ट आहे.

नेहमी दिसणारे एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. पंचावन्न वर्षांचा एक व्यापारी. तीस वर्षे गादीवर बसून काढलेली. डॉक्टर रक्ताचा अहवाल पुढे सरकवतात आणि चेहरा गंभीर करतात. दुसऱ्याच दिवशी हा गृहस्थ व्यायामशाळेची वर्षभराची फी एकरकमी भरतो, महागडे बूट आणतो आणि पहिल्याच दिवशी तासभर घाम गाळतो. पहिला आठवडा उत्साहाचा, दुसरा अंगदुखीचा. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजतो. चौथ्या महिन्यात बूट माळ्यावर गेलेले असतात आणि ‘व्यायाम आपल्याला मानवत नाही’ असा निष्कर्ष कायमचा नोंदला गेलेला असतो. वस्तुतः न मानवलेली गोष्ट व्यायाम ही नव्हे. न मानवलेली गोष्ट आहे ती घाई. तीस वर्षांत चढलेले कर्ज तीस दिवसांत फेडू पाहणाऱ्याचे दिवाळे निघते, यात कर्जाचा दोष नाही.

डल्लास येथील पाच तरुण

या विषयाचा एक अत्यंत बोलका दाखला अमेरिकेतील डल्लास शहरात घडला आहे. १९६६ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयात वीस वर्षांच्या आसपासचे पाच निरोगी तरुण एका प्रयोगासाठी निवडण्यात आले. त्यांना तीन आठवडे केवळ अंथरुणावर पडून राहावयाचे होते. त्याआधी आणि नंतर त्यांच्या शरीराची श्रमशक्ती, म्हणजे जोराच्या श्रमात शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे मोजण्यात आले. अवघ्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने ही शक्ती पाव हिश्श्याहून अधिक घटली. पुढे सुमारे आठ आठवडे कसून व्यायाम दिल्यावर ती भरून आली, किंबहुना पूर्वीपेक्षा वाढली. आजाऱ्याला दीर्घकाळ अंथरुणात ठेवण्याच्या तेव्हाच्या पद्धतीचा फेरविचार होण्यास या प्रयोगाचा मोठा हातभार लागला.

खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे गृहस्थ झाले होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते आणि शरीरातील चरबीचे प्रमाण १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर, म्हणजे नेमके दुप्पट झाले होते. पुन्हा मोजमाप झाले तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वयाने जेवढी शक्ती नेली होती, त्याहून दुपटीने अधिक शक्ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने नेली होती. माणसाला झिजवण्यात वयापेक्षा निष्क्रियतेचा हात मोठा असतो, ही गोष्ट यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाली असेल.

यानंतर त्या पाच जणांना सहा महिन्यांचा व्यायाम देण्यात आला. तोही एकदम कठोर नव्हे. कोणी चालू लागला, कोणी हळू धावू लागला, कोणी जागेवरची सायकल चालवू लागला. प्रारंभ अगदी थोड्यापासून करून तो टप्प्याटप्प्याने वाढवीत आठवड्याला सुमारे साडेचार तासांपर्यंत नेण्यात आला. सहा महिन्यांच्या अखेरीस त्यांची श्रमशक्ती विशीतील मूळ पातळीवर परत आली होती. विशेष म्हणजे या काळात वजन साडेचार किलोच्या आसपासच उतरले होते. वजनाच्या काट्यावर डोळे लावून बसणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काटा जागेवरून हलत नसला तरी आत हृदय आणि स्नायू आपले काम करीत असतात.

येथेच ही कथा संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु आणखी दहा वर्षांनी, साठीच्या उंबरठ्यावर, त्या पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मिळवलेली शक्ती टिकली नव्हती. चाळीस वर्षांची एकूण घट जवळजवळ तेवढीच भरली, जेवढी विशीत तीन आठवडे पडून राहिल्याने झाली होती. आणि त्या घटीचा मोठा भाग पन्नास ते साठ या शेवटच्या दशकातला होता. तात्पर्य असे की सहा महिन्यांच्या धीराने तीस वर्षांची हानी भरून निघू शकते, पण ती शिल्लक आयुष्यभर बसून खाता येत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर शरीरावर घसारा दरवर्षी लागतो. त्याची तरतूदही दरवर्षीच करावी लागते.

शरीराची वेगवेगळी घड्याळे

धीर का धरावा, याचे उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सुधारत नाहीत.

नवा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढल्यासारखे वाटते. त्यातला बराचसा भाग स्नायू मोठे झाल्याचा नसून, असलेले स्नायू वापरण्याची युक्ती मज्जासंस्थेला साधल्याचा असतो. प्रत्यक्ष स्नायू भरण्यास साधारण दोन महिने लागतात. स्नायूंना हाडांशी बांधून ठेवणारे कंडरे आणि सांध्यांतील कूर्चा यांना रक्ताचा पुरवठा कमी असतो किंवा नसतोच; म्हणून त्यांची तयारी स्नायूंच्या मागून, अनेक महिन्यांनी होते. हाड तर जुना भाग खरवडून त्या जागी नवा भरण्याच्या एका फेऱ्यालाच तीन-चार महिने किंवा अधिक काळ घेते.

आता त्या व्यापाऱ्याचा गुडघा तिसऱ्या आठवड्यात का सुजला, हे सहज उमगेल. त्याचे मन तयार होते, दमही थोडा वाढला होता, स्नायूही साथ देऊ लागले होते. पण कंडरे आणि सांधे अजून मागेच होते. पाया ओला असताना वर दुसरा मजला चढवला की भिंतीला तडा जातो, तसाच हा प्रकार.

रक्ताचेही स्वतःचे घड्याळ आहे. मधुमेहाच्या रुग्णांना ‘तीन महिन्यांच्या साखरेची’ तपासणी परिचित असते. रक्तातील तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि त्या अवधीत तिच्यावर चढलेल्या साखरेचा हिशेब ही तपासणी मांडते. तपासणीच्या आधी दोन दिवस मिठाई सोडून उपाशीपोटीचा आकडा पुष्कळांनी सुंदर करून दाखवलेला असतो. ही तपासणी मात्र अशा रंगसफेदीला फसत नाही. ती रोजकीर्द पाहत नाही, तिमाहीचा ताळेबंद पाहते. जो रोज जेवणानंतर पंधरा मिनिटे शांतपणे चालला, त्याची नोंद तेथे होते. जो महिन्यातून एका रविवारी डोंगर चढून आला, त्याच्या नावावर फारसे काही जमा होत नाही.

उशीर झाला, असे कोणी म्हणू नये

‘आता या वयात काय करावयाचे?’ हा प्रश्न ज्येष्ठांकडून नेहमी येतो. त्याला १९९० साली बोस्टन येथे उत्तर मिळाले आहे. तेथील एका वृद्धनिवासात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांच्या बळाचा व्यायाम देखरेखीखाली देण्यात आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, मांडीचे स्नायू सुमारे ९ टक्क्यांनी भरले आणि चालण्याची गतीही सुधारली. मात्र व्यायाम थांबताच, काही आठवड्यांत ते बळ ओसरूही लागले. वयाने दार बंद केलेले नसते. मात्र ते दार रोज ढकलावे लागते, एवढाच याचा अर्थ.

फौजा सिंग यांचे चरित्रही येथे आठवते. पासपोर्टवरील नोंदीनुसार त्यांचा जन्म १ एप्रिल १९११ रोजी पंजाबातील बियास गावी झाला. पाय इतके दुबळे की वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत त्यांना चालता येत नव्हते. पुढे आयुष्य शेतीत गेले. पत्नीचे निधन झाले, १९९४ साली तरुण मुलगा डोळ्यांदेखत अपघातात गेला. त्या दुःखातून सावरण्यासाठी लंडनला दुसऱ्या मुलाकडे राहावयास गेल्यावर त्यांनी धावण्याचा आधार घेतला. २००० साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी लंडनची ४२ किलोमीटरची मॅरेथॉन पूर्ण केली. २०११ मध्ये शंभरीत टोरोंटोची मॅरेथॉन आठ तास अकरा मिनिटांत पार केली. जन्मदाखला नसल्याने गिनीज पुस्तकात त्याची नोंद झाली नाही; त्याने त्यांच्या पायांना काही फरक पडला नाही. ते शाकाहारी होते आणि त्यांचा आहार साधा व मोजका असे. २०१३ मध्ये त्यांनी स्पर्धा सोडली, पण चालणे सोडले नाही. १४ जुलै २०२५ रोजी त्यांच्या गावी रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला. त्या वेळीही, एकशे चौदाव्या वर्षी, ते स्वतःच्या पायांनी रस्ता ओलांडत होते. सर्वांनी मॅरेथॉन धावावी, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. घ्यावयाचे ते एवढेच, की त्यांनी पायांना सुट्टी दिली नाही.

आपल्या मातीतील शिकवण

ही शिकवण महाराष्ट्राला परकी नाही. कोल्हापूरच्या तालमीत नवा पोर आला की वस्ताद त्याला लगेच जोडीला लावीत नाही. आधी हौदातील लाल माती खणावयाची, मग मोजके जोर, मोजक्या बैठका. संख्या वाढते ती वस्तादाच्या नजरेने, पोराच्या हौसेने नव्हे. साताऱ्याकडील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तोही स्वतः आयुष्यभर रोज नमस्कार घालून. संस्थानातील शाळांतही त्यांनी नमस्कार सुरू केले. त्यांच्या सांगण्याचे सार नमस्कारांच्या विक्रमी संख्येत नव्हते, ते ‘रोज’ या शब्दात होते. एका रथसप्तमीला शंभर नमस्कार घालून आठवडाभर कंबर धरून बसणाऱ्यापेक्षा रोज बारा घालणारा वर्षाला चार हजारांचा टप्पा ओलांडतो. हा साधा गुणाकार आहे.

नियम कसा जडतो

कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते, असे पुष्कळदा सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास वेगळेच सांगतो. एखादी कृती आपसूक होण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणून महिनाभराने कंटाळा येत असेल तर त्यात दोष मानू नये. सवय अजून अर्ध्या वाटेवर आहे, एवढेच. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा खंड पडत नाही. एक दिवस दुकान बंद राहिल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. ‘आज बंद होते, आता उद्याही कशाला उघडा’ असे म्हणणारा मात्र पेढी घालवून बसतो.

व्यवहारात काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, निदान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम करावा, आणि पासष्टी ओलांडलेल्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचे प्रकारही करावेत. हे शिखर आहे. पहिली पायरी नव्हे.

ज्यांना अनेक वर्षांची बैठकीची सवय आहे, त्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी तर अवश्य घ्यावा. त्यानंतर पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटे चालावे. ‘एवढ्याने काय होणार’ असे वाटले पाहिजे, इतके ते कमी असावे. पुढे दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. चालताना दोन शब्द बोलता येतील, पण गाणे म्हणता येणार नाही, अशी गती असावी. दोन-तीन महिन्यांनी अर्ध्या तासावर पोहोचता येते. मग आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून जोर आणि गॅलरीच्या कठड्याजवळ एका पायावर काही क्षण उभे राहणे, एवढे जोडावे. छातीत दुखणे, चक्कर किंवा वेगळाच दम लागल्यास तत्काळ थांबावे.

खंड पडणारच. लग्नसराई येते, दिवाळीचा हंगाम येतो, पावसाची झड लागते, ताप येतो. खंडानंतर जेथे सोडले तेथून नव्हे, तर त्याच्या निम्म्यावरून पुन्हा आरंभ करावा. दुखापती केवळ पहिल्या आरंभातच होत नाहीत. ‘पूर्वी तर एवढे जमत होते’ या अभिमानातून दुसऱ्या आरंभातही होतात.

भगिनींसाठी एक शब्द आवश्यक आहे. ‘दिवसभर घरकामच पुरे होते’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. घरकामात श्रम आहेत, थकवा आहे, यात संशय नाही. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहण्याने दम वाढत नाही आणि हाडांना हवा तसा भारही पडत नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. म्हणून घरातील स्त्रीला सकाळची अर्धी घटका मोकळी मिळणे ही तिची हौस नव्हे, गरज आहे. आणि त्या वेळेत चहाचे आधण ठेवणे हे घरातील पुरुषांना अशक्य नाही.

शेवटी कशासाठी?

हा सारा खटाटोप दंडाचे स्नायू दाखवण्यासाठी नाही. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांच्या घरातील पायऱ्यांचा विचार करावा. यात्रेची तारीख ठरली की अनेक जण आठ दिवस आधी इमारतीचे जिने चढू लागतात. चढण कशीबशी निभते, उतरताना गुडघे बोलू लागतात, आणि परतल्यावर चार दिवस पलंग धरावा लागतो. डोली ही ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी आहे. पण ज्याच्याजवळ तीन महिने होते आणि ज्याने ते उद्यावर ढकलले, त्यालाही डोलीत बसावे लागते, तेव्हा चुकचुकल्यासारखे होते.

त्याहूनही साध्या गोष्टी आहेत. जमिनीवर पंगतीला बसता यावे आणि कोणाचा हात न धरता उठता यावे. नातवाला कडेवर घेता यावे. रात्री न्हाणीघराकडे जाताना तोल जाऊन पडू नये. घरच्यांनी सेवा करावी, ती प्रेमाने करावी. परंतु करावीच लागावी अशी वेळ जितकी लांबवता येईल तितकी लांबवणे, हे कुटुंबावरचे ऋण फेडण्यासारखेच आहे.

वारसांसाठी घर, दुकान, ठेवी यांची तजवीज प्रत्येक जण करतो. ज्याने साठीनंतरची पंधरा-वीस वर्षे स्वतःच्या पायांवर काढली, त्याने वारसांसाठी आणखी एक मोठी ठेव ठेवली, असेच म्हणावे लागेल. त्या ठेवीचा पहिला हप्ता अवघा दहा मिनिटांचा आहे, आणि तो उद्या सकाळी भरता येतो. परवा सकाळी दुसरा.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो.